बकऱ्याच्या लेंड्या आणि अम्मांचा गुलाब

नवरात्र संपून ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की आमच्या गल्लीतून रोपवाल्यांच्या हातगाड्या फिरू लागतात. गाडीवर गुलाब असतो, शेवंती असते, जास्वंद असते. प्रत्येक रोपाला चार कळ्या, दोन फुलं. मोह आवरत नाही, आपण घेतो. महिनाभर आहे त्या कळ्या उमलतात आणि मग जे थांबतं ते थांबतंच. पानं येतात, फांद्या लांबतात, फूल मात्र नाही. मग शेजारीण शेजारणीला विचारते, "तुमच्या गुलाबाला काय घालता हो?" कुणी म्हणते चहाचा चोथा, कुणी अंड्याची टरफलं, कुणी मटण धुतलेलं पाणी. गेल्या तीन वर्षांत यातलं बहुतेक सगळं आम्ही आमच्या गच्चीवर घालून पाहिलं. आम्ही म्हणजे एका घरातल्या दोन जावा आणि एक नणंद. कोल्हापूरच्या जुन्या वस्तीतलं घर, वर गच्ची, गच्चीवर चौदा कुंड्या आणि एक तेलाचा डबा. त्या डब्याबद्दल पुढे सांगू.

आधी बकऱ्याबद्दल. बकरी ईदच्या आधी महिना-सव्वा महिना आमच्या घरी बकरा येतो. त्याला नाव ठेवू नका असं अब्बा दरवर्षी मुलांना सांगतात आणि मुलं दरवर्षी नाव ठेवतात. त्याचा चारा म्हणजे सुबाभळीचा पाला, मेथीघास, थोडा हरभऱ्याचा कोंडा. रोज सकाळी त्याची जागा झाडायची आणि लेंड्या घंटागाडीत टाकायच्या, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. ज्या घरात बकरा बांधला जातो त्या प्रत्येक घरातून हे सोनं असंच गाडीत जातं आणि त्याच घरातली बाई पंधरा दिवसांनी नर्सरीतून खताची पिशवी विकत आणते.

सोनं हा शब्द उगाच वापरला नाही. कृषी विद्यापीठांच्या पुस्तकांत खतांचे तक्ते असतात. त्यांत साध्या शेणखतात नत्र साधारण ०.५ टक्के, स्फुरद ०.२ टक्के आणि पालाश ०.५ टक्के धरतात. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांत हेच आकडे साधारण ३, १ आणि २ टक्के आहेत. नत्रावर पानं आणि फांद्या वाढतात, स्फुरदाने मुळं धरतात आणि कळी येते, पालाशाने फुलाला रंग, टिकाऊपणा आणि झाडाला रोगाशी झगडायची ताकद येते. हे तिन्ही लेंडीत आहेत, म्हणून माळावर मेंढरं बसवून घ्यायला शेतकरी धनगराला आजही पैसे आणि धान्य देतो.

पण लेंडी कुंडीत तशीच टाकली तर काही होत नाही. ती वरून कडक असते, गोळीसारखी. पाणी घातलं की वरच्या वर तरंगते, चार महिन्यांनी उकरून पाहिलं तर जशीच्या तशी हाताला लागते. तिला कुजवावी लागते. आम्ही एका जुन्या प्लास्टिकच्या पिंपाला तळाशी आणि बाजूंना भोकं पाडून घेतली. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर लेंड्यांचा चार बोटं थर, त्यावर वाळलेला पालापाचोळा, त्यावर मूठभर जुन्या कुंडीतली माती, मग पुन्हा लेंड्या. प्रत्येक थरावर पाण्याचा हबका. ओल किती हवी? मूठभर माल दाबला तर बोटांतून एखादा थेंब यावा, धार लागू नये. वरून पत्र्याचा तुकडा आणि दगड, कारण आमच्याकडचा पाऊस. उघड्यावर ठेवलेल्या खताचा सगळा कस जुलैच्या झडीत गटारात जातो आणि हातात नुसता भुसा राहतो.

पहिल्या आठवड्यात पिंपात हात घातला तर गरम लागतं. घाबरायचं कारण नाही, तो त्यातल्या जिवाणूंचा कामाचा ताप आहे. पंधरा दिवसांनी वरचं खाली, खालचं वर करायचं. चार महिन्यांनी उघडलं की लेंडी दोन बोटांत चुरते, काळी दिसते आणि वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा येतो. तरीही खात्री हवी असेल तर एका वाटीत ते खत घेऊन त्यात मेथीचे दहा-बारा दाणे पेरायचे. चार दिवसांत हिरवेगार उगवले तर खत तयार. उगवले नाहीत किंवा पिवळे पडले तर अजून कुजायचं बाकी आहे. नाकापेक्षा मेथी जास्त खरं सांगते.

सध्या बकरी ईद मे-जूनच्या आसपास येते. म्हणजे लेंड्या पावसाळाभर कुजतात आणि ऑक्टोबरमध्ये गुलाबाच्या छाटणीच्या वेळी खत हातात येतं. हा योग काही कायमचा नाही. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि गुलाब मात्र सूर्याचंच कॅलेंडर मानतो. आमच्या मुलींच्या काळात हे गणित त्यांना नव्याने मांडावं लागेल.

आता एक प्रश्न, जो आमच्या घरात खालांनी पहिल्याच दिवशी विचारला आणि बऱ्याच वाचक भगिनींच्याही मनात येत असेल. शेण, लेंडी यांत हात घालायचे, मग वुजूचं काय, कपड्यांचं काय? आणि त्या खतावर वाढलेल्या गुलाबाचा गुलकंद चालतो का? या बाबतीत आपल्या फिकहच्या किताबांत शतकानुशतकं चर्चा झालेली आहे, कारण इमाम लोक ज्या समाजात राहत होते तो शेती करणारा समाज होता. हनफी मसलकात जनावराचं शेण नजिस मानलं जातं, पण 'हिदाया'सारख्या मान्यवर ग्रंथात त्याची खरेदी-विक्री करायला हरकत नाही असं स्पष्ट आहे, कारण जमिनीला त्याचा उपयोग आहे. शाफई मसलकात, म्हणजे आपल्या कोकणातल्या बऱ्याच घरांत, शेणाची विक्री मान्य नाही, पण शेताला ते घालण्याची मुभा आहे. मालिकी आणि हंबली उलेमा तर हलाल जनावराचं शेण पाकच धरतात. शिवाय हनफींकडे 'इस्तिहाला' नावाचा एक उसूल आहे. एखादी वस्तू बदलून पूर्णपणे दुसरीच झाली की तिचा हुकूमही बदलतो. कुजून माती झालेली लेंडी ही मग लेंडी राहत नाही. आणि रोपाचं म्हणाल तर हनफी आणि शाफई दोघांच्याही मते खतामुळे फूल-फळ नापाक होत नाही. गुलकंद खुशाल करा. बारीकसारीक शंका आपापल्या मौलानासाहेबांना विचाराव्यात. आमचा साधा रिवाज असा आहे की बागेचा एक जुना कुडता वेगळा, रबरी हातमोजे वेगळे, आणि काम असरच्या नमाजच्या आधी उरकायचं म्हणजे हात-पाय धुऊन, कपडे बदलून वेळेवर उभं राहता येतं.

यामुळेच आम्ही जीवामृत मात्र गच्चीवर करत नाही. जीवामृताचं नाव आता सगळ्यांनी ऐकलं आहे. सुभाष पाळेकरांनी ते महाराष्ट्रभर पोचवलं. एकरी २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचं पीठ आणि मूठभर बांधावरची माती. गुळाची तर इथे वाण नाही, शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत गुळाचीच उलाढाल. पण चौदा कुंड्यांसाठी तो खटाटोप, तो वास आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर उडणारे शिंतोडे नको वाटतात. ज्यांची शेती आहे त्यांनी अवश्य करावं.

खताला आपल्या पूर्वजांनी कमी लेखलेलं नाही. अकराव्या शतकात अंदलूसमधल्या तुलैतुलाच्या, म्हणजे आजच्या टोलेडोच्या, शाही बागेत इब्न बस्साल नावाचे एक जाणकार होते. त्यांनी जमिनीचे आणि खतांचे प्रकार तपशीलवार लिहून ठेवले. पुढच्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल्-अव्वाम यांनी 'किताबुल फिलाहा' लिहिली, तिच्यात धान्य आणि फळांबरोबर फुलझाडांचीही निगा आहे. इराणात इस्फहानच्या आसपास कबुतरांसाठी बांधलेले उंच मातीचे मिनार अजून उभे आहेत. एकेका मिनारात हजारो कबुतरांची घरटी. कबुतरं खाण्यासाठी नव्हती, त्यांची विष्ठा खरबुजाच्या शेतांना जायची. आमच्या गल्लीतही दोन-तीन घरांच्या माडीवर कबुतरांच्या खुराड्या आहेत आणि पोरं संध्याकाळी शिट्ट्या मारत थवे उडवतात. त्यांची आई विष्ठा रोज खरवडून फेकते. आम्ही एकदा मागून आणली. ती फार उष्ण असते, ताजी घातली तर रोप दोन दिवसांत करपतं. लेंडीच्या पिंपात थोडी थोडी मिसळून सहा महिने मुरवली तरच उपयोगी. आणि ती खरवडताना नाकातोंडाला फडकं बांधायचं, कारण त्या धुळीने फुप्फुसाचे आजार होतात. लहान मुलांना त्या कामाला लावू नये.

आणखी एक नाव सांगावंसं वाटतं, कारण ते आपल्या मराठी माणसाचं आहे. कंपोस्ट करण्याची 'इंदूर पद्धत' जगभर गाजली ती अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावाने. पण १९३१ मध्ये त्या पद्धतीवरचं जे पुस्तक निघालं त्यावर हॉवर्ड यांच्या शेजारी यशवंत वाड हे नाव छापलेलं आहे. होळकरांच्या इंदुरात बसून या दोघांनी जे मांडलं ते थोडक्यात असं की ओला आणि सुका कचरा, थोडं शेण, थोडी राख-माती, ओल आणि हवा, एवढं जुळलं की खत होतंच. आमचं पिंप हे त्याचंच लहान भावंड.

आता तो तेलाचा डबा. आमच्या सासूबाईंना आम्ही सगळ्या अम्माच म्हणायचो. त्यांचं माहेर मिरजेचं. तिथल्या अंगणातल्या गावठी गुलाबाची एक फांदी त्यांनी लग्नानंतर काही वर्षांनी आणून पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात लावली. फिकट गुलाबी, पाकळ्या सैल, दिसायला हातगाडीवरच्या गुलाबापुढे काहीच नाही, पण वास असा की जिन्यात येतो. त्याची फुलं अम्मा गुलकंदासाठी साठवायच्या आणि शब-ए-बारातला त्यातली काही अब्बांच्या हाती कब्रस्तानात आपल्या आईवडिलांसाठी पाठवायच्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फुटांची. जयंती नाल्याचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा अम्मांनी फ्रिजच्या आधी तो डबा वर न्यायला लावला होता. तेव्हापासून तो गच्चीवरच आहे.

अम्मा गेल्या त्याला चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी गुलाबाला थोडी फुलं आली, दुसऱ्या वर्षी एकही नाही. पाणी रोज होतं, ऊन होतं, कीड नव्हती. पानं मात्र लहान लहान येत गेली. अब्बा काही बोलायचे नाहीत. फजरनंतर गच्चीवर जायचे, डब्याजवळ उभे राहायचे आणि खाली यायचे. त्यांचं ते न बोलणं आम्हाला जड जायचं. अम्मा त्याला काय घालायच्या ते कुणालाच नेमकं माहीत नव्हतं. वजन-माप त्यांनी कधी सांगितलं नाही, जसं बिर्याणीच्या मसाल्याचंही सांगितलं नाही.

शेवटी धागा सापडला तो खालांकडून. त्या म्हणाल्या, "आपा बाजारातून येताना घाण्यावरून पेंडीचा खडा आणायची. एक मडक्यात भिजत घालायची आणि झाकून ठेवायची. वास यायचा म्हणून मी ओरडायची." शेंगदाण्याची पेंड! कोल्हापुरात तेलघाण्यावर ती सहज मिळते, म्हशीवाले नेतात. तक्त्यात पाहिलं तर तिच्यात नत्र ७ टक्क्यांच्या वर, म्हणजे शेणखताच्या चौदापट. पाण्यात भिजवली की ती आंबते आणि रोपाला लवकर लागू पडते. १०० ग्रॅम पेंड लिटरभर पाण्यात तीन-चार दिवस झाकून ठेवायची, रोज काठीने ढवळायची, मग गाळून एका भांड्याला दहा भांडी पाणी घालून कुंडीला एकेक तांब्या द्यायचं. गाळलेला चोथा पिंपात. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

नुसत्या पेंडीने काम होण्यासारखं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये आम्ही तो डबा आडवा केला, गंजलेला पत्रा कापला आणि गुलाब बाहेर काढला. माती विटेसारखी झालेली आणि मुळं आतल्या आत वेटोळी घालून डब्याच्या आकाराची. अम्मांचे गुडघे शेवटच्या काही वर्षांत त्यांना खाली बसू देत नव्हते, त्यामुळे माती बदलली गेली नसणार. मुळांचा बाहेरचा तिसरा हिस्सा धारदार सुरीने छाटला, फांद्याही गुडघाभर ठेवून डोळ्याच्या वर तिरप्या कापल्या. अब्बा खुर्चीवर बसून बघत होते. एकेका फांदीला त्यांचा चेहरा बदलायचा. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "अब्बा, तुम्ही आत जाऊन बसा." ते गेले नाहीत.

नवी माती अशी केली. राधानगरीकडची तांबडी माती दोन घमेली, मुरलेलं लेंडीखत एक घमेलं, भाताचं तूस एक घमेलं, दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ हाडांचा चुरा. मातीचं सांगायला हवं, कारण कोल्हापूर जिल्हा एक असला तरी माती एक नाही. पश्चिमेला राधानगरी, शाहूवाडीकडे तांबडी, निचऱ्याची आणि आम्लतेकडे झुकणारी. पूर्वेला शिरोळ, हातकणंगल्याकडे काळी, चिकट आणि चुनखडीची. काळ्या मातीत गुलाब, जास्वंद यांची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. बायका म्हणतात खत कमी पडलं आणि आणखी घालत राहतात. खरं तर तिथे लोह जमिनीत असूनही मुळांना उचलता येत नाही. अशा कुंडीत राख घालू नये, कारण राख मातीला आणखी अल्कलीकडे ढकलते. तांबड्या मातीत मात्र महिन्याला चमचाभर लाकडाची राख चांगली, तिच्यात पालाश असतं. आमच्या ओळखीच्या एका बेकरीत अजून लाकडाची भट्टी आहे, तिथली चाळलेली राख आम्ही आणतो. कोळशाची राख किंवा कचरा जाळलेली राख घेऊ नये.

निंबोळी पेंड मुळांवरच्या सूत्रकृमींना दूर ठेवते. हाडांच्या चुऱ्यात स्फुरद भरपूर, वाफवलेल्या चुऱ्यात २५ ते ३० टक्के. तो हळूहळू विरघळतो, म्हणून कुंडी भरतानाच घालायचा, वरून भुरभुरून उपयोग नाही. घरातली हाडं वापरता येतील का? आमच्या गावात पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्यातून निघणारी हाडं काही कमी नाहीत! कच्ची हाडं कुंडीत पुरली तर मांजरं आणि कुत्री कुंडी उलथतात आणि हाड वर्षानुवर्षं तसंच राहतं. चुलीत किंवा शेगडीत चांगली भाजली तर ठिसूळ होतात आणि खलबत्त्यात चुरतात. आम्ही रश्श्यातली हाडं आधी धुऊन मीठ घालवतो, मग वाळवून भाजतो. ज्यांच्याकडे चूल नाही त्यांनी विकतचा चुरा घ्यावा, ते सोपं.

मटण धुतलेल्या पाण्याबद्दल दोन शब्द. गुलाबाला ते घालायची चाल कोल्हापुरात हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत आहे. ते लागू पडतं, कारण त्यात नत्र असतं. पण ते पातळ करून, मातीत बोटभर खड्डा करून द्यावं आणि वर कोरडी माती ओढावी, नाहीतर माश्या आणि मुंग्या येतात. कुर्बानीचं रक्त मात्र कुंडीत नको. ते थिजतं, सडतं आणि वास आठवडाभर जात नाही. चहाचा चोथा घालायचा तर साखर-दूध धुऊन. अंड्याची टरफलं मिक्सरमधून काढून घातली तरी वर्षभर तशीच दिसतात, त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. केळीच्या साली पिंपात. आणि ज्यांची बोगनवेल फुलत नाही त्यांनी तिला काहीच देऊ नये, पाणीसुद्धा हात राखून द्यावं. लाड केले की तिला नुसता पाला येतो.

विकत शेणखत घेताना ते चाळून घ्या. आपल्याकडे उसाला आणि भुईमुगाला हुमणी लागते, तीच अर्धवट कुजलेल्या शेणखतातून कुंडीत येते. पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी अळी दिसली की वेचून टाकायची. ती मुळं खाते आणि झाड वरून सुकल्यासारखं दिसतं, मग आपण आणखी पाणी घालतो. मोगऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला डिसेंबर-जानेवारीत छाटून, पानं काढून, आठवडाभर पाणी तोडायचं आणि मग एकदम लेंडीखत आणि पाणी. उन्हाळ्यात गजऱ्याला फुलं पुरतात.

अम्मांच्या गुलाबाला नोव्हेंबरच्या मध्याला लाल कोंब फुटले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली कळी दिसली ती अब्बांनाच. जिन्यातूनच त्यांनी हाक मारली. शब-ए-बारातच्या दिवशी सात फुलं होती. अब्बांनी ती रुमालात घेतली आणि त्या वर्षी पहिल्यांदा अम्मांच्या कबरीसाठी अम्मांच्याच झाडाची फुलं गेली.

कबरीवर फुलं घालावीत की नाही यावर आपल्यातच दोन मतं आहेत. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी एक ओली फांदी दुभागून दोन कबरींवर रोवल्याची हदीस बुखारीत आहे. कुणी तिच्यावरून जायज म्हणतं, कुणी म्हणतं ती बाब खास होती. त्या वादात आम्ही पडत नाही. आमच्या घरात घालतात एवढंच. प्रश्न उभा राहिला तो नंतर. पुढच्या जुम्याला अब्बा कब्रस्तानातून परत आले ते त्याच रुमालात सुकलेल्या पाकळ्या घेऊन. झाडूवाला त्या ओढून कचऱ्यात नेत होता, ते त्यांना बघवलं नाही. "आता यांचं काय करायचं?" आमच्या धाकट्या नणंदेने सहज म्हटलं, "पिंपात टाकू या." अब्बा तिच्याकडे असे पाहत राहिले की ती गप्पच झाली. केळीच्या साली, लेंड्या, चहाचा चोथा, त्यांत अम्मांच्या कबरीवरची फुलं? तो दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही.

यावर काही दिवस आम्ही बोलत राहिलो. पलीकडच्या काकूंकडे गणपती बसतो. त्या म्हणाल्या, निर्माल्य पूर्वी नदीतच सोडायचं, दुसरं काही करणं म्हणजे पाप वाटायचं. आता विसर्जनाच्या वेळी पंचगंगेवर निर्माल्य वेगळं गोळा करतात आणि त्याचं खत होतं. पहिल्या वर्षी त्यांच्याही सासूबाई रुसल्या होत्या. नदीत सोडलेलं काही नाहीसं होत नाही, हे आपण कोल्हापूरकर दर उन्हाळ्यात बघतो. पंचगंगेवर जे हिरवं केंदाळ पसरतं ते खतावरच पोसलेलं असतं. नाल्यांचं सांडपाणी, शेतातून वाहून आलेला युरिया, कुजलेली फुलं, सगळ्यांतलं नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतं आणि झाडाऐवजी केंदाळ खातं. ते पाण्यावरचा उजेड झाकतं, खाली ऑक्सिजन संपतो आणि मासे उलटे होऊन वर येतात.

मार्ग निघाला तो अगदी साधा. फुलांसाठी दुसरं, वेगळं पिंप. त्यात स्वयंपाकघरातलं काही नाही, लेंड्या नाहीत. फक्त फुलं, वाळलेला पाला आणि स्वच्छ माती. अब्बांनी मशिदीतल्या मौलानासाहेबांना विचारलं. पायदळी किंवा गटारात जाण्यापेक्षा मातीत जाणं बरं, असं ते म्हणाले. त्या संध्याकाळी अब्बांनी रुमालातल्या पाकळ्या स्वतःच्या हाताने पिंपात सोडल्या आणि वर मातीची मूठ टाकली, तीन वेळा. आम्ही तिघींनी ते पाहिलं आणि कुणी काही बोललो नाही.

घरातल्या फुलांनी पिंप कुठलं भरायला! म्हणून आमच्या मोहल्ल्यातल्या दर्ग्याच्या मुजावरांना विचारलं. जुमेरातला तिथे गुलाबाच्या आणि झेंडूच्या चादरी चढतात, सगळ्या जातिधर्मांची माणसं आणतात. मुजावर आधी हो-नाही करत राहिले. मग म्हणाले, "फुलं पोत्यात वेगळी ठेवीन, पण दोरे आणि जर तुम्हीच काढायची." तेव्हापासून जुम्याच्या सकाळी आम्ही कात्र्या घेऊन बसतो. फुलांच्या हारात फुलांशिवाय काय काय असतं ते तेव्हा कळलं. नायलॉनचा दोरा, चमकी, थर्माकोलचे मणी, प्लास्टिकची पट्टी, कधी स्टेपलची पिन. रंग मारलेली फुलं दिसली की ती बाजूला. झेंडूत पाणी फार, नुसता झेंडू भरला तर तळाला काळं, आंबट वासाचं पाणी सुटतं. म्हणून एक पाटी फुलांना दोन पाट्या वाळका पाला, आणि दर आठवड्याला हलवणं. गुलाबाच्या पाकळ्या महिन्याभरात दिसेनाशा होतात, झेंडूचे देठ दोन-अडीच महिने घेतात.

फुलांच्या खतात लेंडीइतका कस नाही, हेही सांगून टाकतो. ते हलकं असतं, माती भुसभुशीत करतं, ओल धरतं. त्याच्या जोडीला पेंडीचं पाणी हवंच. मुजावरांनी त्यातलं एक पोतं दर्ग्याच्या आवारातल्या चाफ्यासाठी मागितलं आहे. पहिलं पोतं रमजानच्या आधी देऊ असं आम्ही कबूल केलं होतं, पण परवा वाटीत पेरलेल्या मेथीचे दहा दाण्यांपैकी चारच उगवले, तेही पिवळे. अब्बा म्हणाले, घाई नको. आता तीन आठवड्यांनी पुन्हा पेरून पाहू.